वेळ, जागा आणि सोबत

रमजान सुरू झाला की मुसलमानाला विचारले जाणारे काही प्रश्न ठरलेले असतात. ‘पाणीसुद्धा चालत नाही?’ हा पहिला. ओळख जरा जुनी असेल तर थोड्या वेळाने दुसरा येतो, ‘या महिन्यात तुम्ही गाणी ऐकता का?’ शेजारी हे कुतूहलाने विचारतात. आमच्या घरातली तरुण मुलेही विचारतात, फक्त त्यांच्या स्वरात थोडी कुरकुर असते.

या प्रश्नाची दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, संगीत मुळातच हराम. रमजानमध्ये तर नावच काढू नका. दुसरे म्हणते, गाण्यात कसले आले पाप. ज्याला जे आवडते ते ऐकू द्या. दोन्ही उत्तरे झटकन देता येतात आणि दोन्हींनंतर बोलणे संपते. मला या दोन्हींपेक्षा एक तिसरे, जुने उत्तर जवळचे वाटते. ते म्हणते, गाणे चांगले की वाईट हे ठरवण्याआधी तीन गोष्टी पाहा. वेळ कोणती, जागा कोणती आणि सोबत कोणाची. मराठीत याला एक नेमका शब्द आहे, तारतम्य. आणि हा विषय फक्त मुसलमानांचा किंवा फक्त या एका महिन्याचा नाही. आपल्या गावात बाराही महिने जे काही वाजते, त्या सगळ्याचा तो विषय आहे.

पाणी तेच, वेळ वेगळी

आधी रोजाकडेच पाहू. रोजात माणूस काय सोडतो? दारू, जुगार, लाच या गोष्टी सोडत नाही, कारण त्या वर्षभर वर्ज्यच आहेत. रोजात तो सोडतो पाणी, भाकरी, फळे, चहा. सगळे हलाल. पहाटे फजरची वेळ होण्याआधी जो पाण्याचा घोट चालतो, तो दुपारी चालत नाही. संध्याकाळी मगरिबची अजान झाली की तोच घोट घेणे पुण्याचे होते. पाण्यात काहीच बदललेले नसते. बदलते ती वेळ.

चांगली गोष्टसुद्धा प्रत्येक वेळी चांगली नसते, हे रोजा माणसाच्या पोटाला महिनाभर शिकवत राहतो. खुद्द रोजालाही हाच नियम लागू आहे. आजारी माणसाला, प्रवाशाला, गरोदर स्त्रीला, अंगावर पाजणाऱ्या आईला सवलत आहे. सहरी शक्य तितकी उशिरा करावी आणि इफ्तारला वेळ होताच बसावे, अशी शिकवण आहे. ताणून धरण्यात मोठेपणा नाही. रात्रंदिवस सलग रोजा धरायला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या साथीदारांना मनाई केली होती. आणि महिनाभर जो रोजा फर्ज आहे, तोच ईदच्या दिवशी धरणे हराम आहे. म्हणजे काल जे पुण्य होते ते आज पाप होते. उपवासाचे सर्वांत मोठे व्रत सांगणाऱ्या धर्माने त्या व्रतालाही कुंपण घातले आहे.

जो धर्म उपवासाच्या बाबतीत इतके तारतम्य पाळायला सांगतो, त्याचा अनुयायी आवाजाच्या बाबतीत ते विसरत असेल, तर भूक सोसून त्याच्या हाती नेमके काय आले, हे त्याने स्वतःला विचारायला हवे.

सुखाची किमया

वर सांगितलेल्या तीन अटी नऊशे वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकात येतात. त्याचे लेखक इमाम गझाली. जन्म १०५८ चा, आजच्या इराणमधल्या तूस या गावचा. १०९१ साली, वयाच्या तिशीतच, ते बगदादच्या प्रसिद्ध निजामिया मदरशात मुख्य शिक्षक झाले. मान होता, पैसा होता, शेकडो विद्यार्थी होते. चार वर्षांनी त्यांच्यावर विचित्र प्रसंग आला. शिकवायला बसले की तोंडातून शब्द फुटेना, अन्न घशाखाली उतरेना. आपण हे सगळे अल्लाहसाठी करतो आहोत की नावासाठी, या प्रश्नाने त्यांना आतून पोखरले होते. १०९५ साली ते सगळे सोडून बाहेर पडले. दमास्कस, जेरुसलेम, मक्का अशी वाट तुडवून अखेर ते आपल्या गावी परतले आणि ११११ साली तिथेच वारले.

या काळात त्यांनी अरबी भाषेत चाळीस प्रकरणांचा ‘इह्या उलूमुद्दीन’ हा मोठा ग्रंथ लिहिला. पण अरबी ही विद्वानांची भाषा. म्हणून त्यांनी त्याच विचारांचे एक आटोपशीर पुस्तक फारसीत, लोकांच्या भाषेत लिहिले. त्याचे नाव ‘कीमिया-ए-सआदत’, म्हणजे सुखाची किमया. किमयागार तांब्याचे सोने करू पाहतात. गझालींना माणसाच्या मनाचे सोने कसे होते ते सांगायचे होते.

या पुस्तकात माणसाच्या देहाला एका शहराची उपमा दिली आहे. हृदय हा राजा, बुद्धी हा त्याचा वजीर. वासना ही करवसुली करणारा अधिकारी आणि राग हा कोतवाल. वसुली अधिकारी लोभी असतो, प्रजेचे सगळेच ओरबाडू पाहतो. कोतवाल तापट असतो, त्याचा हात नेहमी दंडुक्यावर. राजाने वजिराचा सल्ला ऐकला, या दोघांना आपापल्या जागी ठेवले, तर शहर सुखाने नांदते. ते दोघे राजाच्या डोक्यावर बसले की शहर उद्ध्वस्त होते.

या उपमेत कोणालाही शहराबाहेर हाकलून द्या, असे सांगितलेले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वसुली झाली नाही तर खजिना रिकामा राहील. कोतवाल नसेल तर चोर माजतील. इच्छा हवी, रागही हवा. फक्त प्रत्येकाने आपली वेळ आणि आपली हद्द ओळखावी. गझालींच्या दृष्टीने सद्गुण तो हाच, आणि सुखही याच्याच पोटी येते. सुख म्हणजे हवे ते सगळे मिळणे, अशी आपली समजूत असते. त्यांच्या लेखी ज्याच्या आतल्या शहरात भांडण नाही तो सुखी.

रस्त्यावरची मैफल

अशा माणसाने संगीतावर लिहिताना काय लिहिले असेल? गझालींनी त्यावर एक पूर्ण प्रकरणच लिहिले आहे. चकमकीच्या दगडात जशी आग दडलेली असते, तसे माणसाच्या हृदयात काहीतरी दडलेले असते आणि सुराने ते बाहेर येते, असे ते म्हणतात. गाणे मनात नवे काही ओतत नाही. जे आहे तेच हलवते. मनात भक्ती असेल तर भक्ती उसळेल, वासना असेल तर वासना. म्हणून कोणासाठी गाणे वाईट, कोणासाठी नुसती करमणूक, तर कोणासाठी पुण्याचे.

याला त्यांनी प्रेषितांच्या घरातला आधार दिला. ईदच्या दिवशी हजरत आयेशा (र.) यांच्याकडे दोन मुली गात होत्या. त्यांचे वडील हजरत अबू बकर (र.) आले आणि रागावले. तेव्हा प्रेषितांनी त्यांना आवरले. आज ईद आहे, गाऊ द्या, असे सांगितले. ईदलाच हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करत होते, तेही प्रेषितांनी आयेशांना दाखवले. ईद, लग्न, मुलाचा जन्म, प्रवासातून परतलेल्या माणसाचे स्वागत, हजला निघालेल्यांची गाणी या आनंदाच्या वेळा गझालींनी मोकळ्या ठेवल्या.

हे सगळ्यांना मान्य आहे असे मी म्हणणार नाही. हनफी परंपरेतले बहुतेक उलेमा वाद्यसंगीत मान्य करत नाहीत आणि महाराष्ट्रातले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत. गझाली स्वतः शाफई होते. कोकणातले आपले मुसलमान बांधव याच परंपरेचे. पण त्यांनीही दारूच्या बैठकीत वाजणारी तंतुवाद्ये वर्ज्यच ठरवली. कारण मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. ती वाद्ये गोड वाजतात म्हणून त्यांनी नाकारली नाहीत. ती दारूड्यांच्या टोळक्याची खूण झाली होती, म्हणून नाकारली. दोष सोबतीचा होता.

आणि मग येतात त्या तीन अटी, ज्या सुफी संत जुनैद बगदादी यांच्या नावावर सांगितल्या जातात. वेळ, जागा आणि सोबत. नमाजची वेळ असेल, जेवणाची असेल किंवा मन दुसऱ्या कामात गुंतले असेल, तर गाण्याचा उपयोग नाही. सोबतीला गर्विष्ठ किंवा देखावा करणारा माणूस असेल, तरी नाही. आणि जागेबद्दल बोलताना गझालींनी नको असलेल्या जागांमध्ये पहिले नाव घेतले आहे ते येण्याजाण्याच्या रस्त्याचे.

हे वाचताना आपल्याला आपल्या गावातली मिरवणूक आठवली नाही, तर नवल. मग ती कोणाचीही असो. एका ट्रॅक्टरवर डॉल्बीच्या भिंती रचलेल्या, काचा थरथरताहेत, म्हातारी माणसे कानांत बोळे घालून आतल्या खोलीत बसलेली. त्या भिंतीतून कधी भजनाची चाल येते, कधी नात येते, कधी कव्वाली. शब्द देवाचे असतात, पण ते ज्याच्या छातीवर आदळतात त्याला देव आठवत नाही.

आपल्या अंगणापासून सुरुवात

दुसऱ्याच्या मिरवणुकीवर बोट ठेवणे सोपे. हे रमजानचे पान आहे, म्हणून आधी आपले अंगण झाडू.

पहाटे साडेतीन-चारला भोंग्यावरून सहरीसाठी उठवण्याची पद्धत अजून काही ठिकाणी चालू आहे. ‘उठा, इतकी मिनिटे राहिली’ अशी घोषणा दर दहा मिनिटांनी, आणि मधल्या वेळात रेकॉर्डवरची नात. एके काळी डफ वाजवत, गल्लीगल्लीतून हाका देत फिरणारे फकीर हे काम करत. घरात घड्याळ नव्हते, तेव्हा ती सेवा होती. आज प्रत्येकाच्या उशाशी मोबाइल आहे. अलीकडे रमजान दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत येतो आहे. पहाटे चारला दचकून उठलेल्या शेजारच्या मुलीला त्या दिवशी गणिताचा पेपर असतो. रात्रपाळी करून आलेला माणूस नुकताच आडवा झालेला असतो. त्यात मुसलमानही असतो.

कायदाही स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे बंधन उचलून धरले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते. पण मला इथे कायद्याआधी सुन्नतचा हवाला द्यायचा आहे.

प्रेषित मशिदीत एतेकाफला बसले असताना काही लोक मोठमोठ्याने कुरआन पढत होते. प्रेषितांनी पडदा बाजूला करून त्यांना समजावले, की तुमच्यातला प्रत्येक जण आपल्या पालनकर्त्याशीच बोलतो आहे, तेव्हा एकाने दुसऱ्याला त्रास देऊ नये आणि आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजावर चढवू नये. पढणे कुरआनचे, जागा मशिदीची, ऐकणारेही नमाजीच, आणि तरीही हे सांगणे. मग आपल्या भोंग्यावरच्या नातचे काय?

आणखी एक प्रसंग आहे. रात्रीच्या नमाजमध्ये हजरत अबू बकर फार हळू पढत आणि हजरत उमर (र.) खूप मोठ्याने. प्रेषितांनी दोघांना विचारले. ज्याच्याशी मी बोलतो त्याला ऐकू जाते, असे अबू बकर म्हणाले. मी झोपलेल्यांना जागे करतो आणि सैतानाला पळवून लावतो, असे उमर म्हणाले. दोघांची कारणे चांगली, दोघांचा हेतू शुद्ध. तरीही अबू बकरांना आवाज थोडा वाढवायला आणि उमरना थोडा उतरवायला सांगण्यात आले. हेतू चांगला असला म्हणजे आवाजाची पट्टी आपोआप योग्य होते असे नाही, हे यापेक्षा सोप्या रीतीने कसे सांगणार?

झाकून केलेले चांगले

तारतम्य फक्त आवाजाचे नसते, डोळ्यांचे आणि जिभेचेही असते. रोजा ही मोठी गुप्त इबादत आहे. नमाज दिसते, हज दिसते, जकात घेणाऱ्याला तरी कळते. रोजा मात्र धरणारा आणि अल्लाह यांच्यातच राहतो. बंद दाराआड कोणी पेलाभर पाणी प्यायले तर जगाला कळणार नाही. असे असताना आपण भर चौकात ‘काय, रोजा आहे ना?’ म्हणून एकमेकांना हटकतो.

‘भाभी, आज रोजा नाही का?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने क्षणभर विचार करावा. त्या बाईला मासिक अडचण असेल. एखाद्या काकांची साखर वाढलेली असेल आणि डॉक्टरांनी सक्त मनाई केली असेल. एखादा तरुण अशा आजाराच्या गोळ्या घेत असेल, ज्याचे नाव त्याला घराबाहेर सांगायचे नाही. अल्लाहने ज्यांना सवलत दिली, त्यांच्याकडून आपण खुलासा मागणारे कोण? माणसाचे उणे झाकणाऱ्याचे उणे अल्लाह झाकतो, ही शिकवण आपण व्याख्यानात ऐकतो आणि दारात विसरतो.

दानाचेही तसेच. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, इतक्या गुप्तपणे दान करणाऱ्याला कयामतच्या दिवशी अल्लाहची सावली मिळेल, असे सांगितले आहे. आज शिध्याची पिशवी देताना पाच माणसे एक पिशवी धरतात आणि घेणाऱ्या विधवेला कॅमेऱ्याकडे बघायला लावतात. संध्याकाळी ते चित्र प्रत्येकाच्या स्टेटसवर. पिशवीत तेल, डाळ, शेवया असतात. त्या घेण्यासाठी तिने जे मोजले त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. दान तेच असते, पण चुकीच्या जागी आणि चुकीच्या सोबतीत दिले की त्याचा अपमान होतो.

समजूतदारपणा आम्हीच का दाखवायचा?

इथे एक प्रश्न येतो आणि तो मी दोन्ही बाजूंकडून ऐकतो. ‘दर वेळी आम्हीच का समजून घ्यायचे? ते घेतात का?’ हा प्रश्न खोटा नाही. त्यामागे दुखावलेपण असते आणि ते नाकारून चालणार नाही.

पण तारतम्य आणि माघार यांत फरक आहे. रोजाला नियत लागते. कोणी जबरदस्तीने दिवसभर उपाशी ठेवले, तर तो रोजा होत नाही, ती उपासमार होते. तसेच गाणे भीतीने बंद झाले तर ते तारतम्य नव्हे. ज्याला वाजवण्याचा हक्क आहे आणि तरीही जो शेजाऱ्याच्या आजारी आईसाठी थांबतो, त्याच्या थांबण्याला मोल आहे. म्हणून हक्क राखलाच पाहिजे, आणि दुसऱ्याला दंडुका दाखवून समजूतदारपणा शिकवणाऱ्या कोतवालाला त्याची जागा दाखवलीच पाहिजे, मग तो कोणत्याही झेंड्याखाली उभा असो. पण हक्क आहे म्हणून तो प्रत्येक वेळी, प्रत्येक चौकात बजावलाच पाहिजे असे म्हणणारा माणूस, घरात अन्न आहे म्हणून दिवसभर खात बसणाऱ्यासारखा आहे.

२०२३ साल आठवा. त्या वर्षी २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पंढरपूरसह राज्यात अनेक ठिकाणच्या मुसलमानांनी त्या दिवशी ईदची नमाज अदा केली आणि कुर्बानी पुढच्या दिवसावर नेली. शरीअतमध्ये कुर्बानीसाठी ईदनंतरचेही दिवस मोकळे आहेत. धर्मातच जागा होती, ती वापरली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आले. मुंबईत आणि इतर अनेक शहरांत मुस्लिम संघटनांनी मिलादचा जुलूस पुढे ढकलला आणि राज्य सरकारने सुट्टी २९ तारखेला दिली. यात कोणाचा धर्म कमी झाला? विसर्जन झाले, जुलूसही निघाला, आणि पोलिसांच्या घरच्यांनी त्या रात्री सुटकेचा श्वास टाकला असेल. तारीख तुमचीच राहिली, फक्त रस्त्याची वेळ वाटून घेतली.

असे वाटून घेणे दोन्हीकडून होते. अजान सुरू झाली की ताशा थांबवणारी मंडळे आपल्या राज्यात आहेत. सांगली जिल्ह्यातल्या गोटखिंडीत तर गणपती मशिदीतच बसतो. बातमी मात्र जिथे हे जमले नाही तिथली होते.

तंबोऱ्याची जवारी

सांगली जिल्ह्याचे नाव निघालेच आहे, तर मिरजेकडे वळू. गझाली ज्या प्रश्नाशी झगडले त्याचे आपल्या मातीतले एक उत्तर तिथे सापडते. मिरजेत हजरत ख्वाजा शमना मीरा यांचा दर्गा आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेतच राहिले. या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती, उरुसात ते इथे गात, आणि या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केले आहे. दक्षिणेत पाँडिचेरीच्या वाटेवर असताना, एका छोट्या रेल्वे स्थानकावर त्यांनी अखेरचा श्वास घेतला. उरुसात आजही देशभरातले गायक-वादक खाँसाहेबांच्या स्मरणार्थ इथे हजेरी लावतात. सोबत कोणाची, तर ऐकणाऱ्यांची. जागा कोणती, तर संताच्या दारातली. वेळ कोणती, तर रात्रीची निवांत.

खाँसाहेबांची गायकी आरडाओरड्याची नव्हती. स्वर शांतपणे लावायचा, त्यात हळूहळू उतरायचे, ही किराण्याची ओळख. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी. मुसलमान उस्तादाचा सूर ब्राह्मण शिष्यांच्या गळ्यातून पंढरीच्या विठोबापर्यंत पोहोचला, तो असा.

मिरजेची दुसरी ओळख म्हणजे तिथले तंबोरे आणि सतारी. तिथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. राज्ये गेली, तलवारी गंजल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्ये बनवू लागले. तलवार पाजळणाऱ्या हातांनी भोपळ्याला तारा लावल्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

तंबोरा गात नाही, तो कोणावर आवाज चढवत नाही, तरी त्याच्याशिवाय गाणारा उभा राहत नाही. त्याचा गोडवा जवारीत असतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक बारीक दोरा सरकवतात. तो केसभर पुढे गेला तरी आवाज बोदा होतो, केसभर मागे आला तरी खरखरतो. नेमक्या जागी आला की तीच तार झंकारू लागते. गझालींना तंतुवाद्याचे हे समर्थन पटले असते का, हा वाद घालता येईल. पण नेमकी जागा म्हणजे काय, हे समजावायला त्यांना याहून चांगले उदाहरण मिळाले नसते.

हीच मिरज २००९ सालच्या गणेशोत्सवात होरपळली, स्वागत कमानीवरच्या एका चित्रावरून. इतका सुरेल वारसा असलेल्या गावालाही तो वारसा आपोआप वाचवत नाही. जवारी एकदा लावून भागत नाही. प्रत्येक मैफलीआधी दोरा पुन्हा जागेवर आणावा लागतो.

तीन प्रश्न

मग रमजानमध्ये गाणे ऐकावे का? तुमचा मसलक जे सांगतो ते तुम्ही पाळा. जे ऐकत नाहीत त्यांनी ऐकणाऱ्यांचा इमान मोजू नये. जे ऐकतात त्यांनी न ऐकणाऱ्यांना मागासलेले म्हणू नये. पण बटन दाबण्याआधी प्रत्येकाने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. ही वेळ त्याची आहे का? ही जागा माझी एकट्याची आहे का? आणि माझ्या आसपास कोण आहे, त्याला हे सोसेल का? बोलण्याआधी, स्टेटस टाकण्याआधी, कोणाला हटकण्याआधी हेच तीन प्रश्न उपयोगी पडतात. रोजा नसणाऱ्यांनाही ते विचारून पाहता येतील; त्यासाठी सहरीला उठावे लागत नाही.

सुखी जगणे यापेक्षा फार वेगळे असते असे मला वाटत नाही. मोठ्या सुखाची वाट पाहताना छोट्या गावातले आयुष्य निघून जाते. पहाटे शेजाऱ्याची झोप न मोडता सहरी झाली, दुपारी कोणाच्या न धरलेल्या रोजाची चौकशी झाली नाही, संध्याकाळी खजुराची ताटली भिंतीपलीकडे गेली आणि पलीकडून रिकामी न येता दोन लाडू घेऊन परत आली, एवढ्यात त्या दिवसाचे शहर शांत झोपते.

ईद येईल. त्या दिवशी रोजा हराम आहे आणि आनंद करणे हा धर्म आहे. मुली गातील, शेवया शिजतील, कोणी डफही वाजवेल. तो आवाज इतकाच असो, की शेजाऱ्याला खिडकी लावून न घेता दार उघडावेसे वाटावे. अल्लाह आपल्या सगळ्यांना योग्य वेळी बोलण्याची आणि योग्य वेळी गप्प राहण्याची बुद्धी देवो. आमीन.